सामन्यापूर्वीची मसलत

अमेरिकन फुटबॉलमध्ये चढाई करणाऱ्या पक्षास दोन गोष्टी आधीपासूनच ठाऊक असतात : चेंडू कोणत्या क्षणी हलणार आणि तो कोणत्या दिशेस जाणार. बचाव करणाऱ्या पक्षास यांपैकी एकही ठाऊक नसते. चेंडू हलल्याखेरीज त्याला चेंडूची रेषा ओलांडता येत नाही, हा खेळाचा कायदाच आहे, आणि दिशा कळल्यावरच त्याला त्या दिशेस धावता येते. ज्ञानातील ही विषमता केवळ चपळाईने भरून निघत नाही. ती भरून काढण्याचा मार्ग एकच, आणि तो म्हणजे सामन्यापूर्वीच्या दिवसांत प्रतिपक्षाच्या सवयींचा असा कसून अभ्यास करणे, की प्रत्यक्ष प्रसंगी बचाव करणाराचा अंदाज हा निव्वळ अंदाज न राहता अनुमानाच्या पदवीस पोहोचावा. अमेरिकेतील विद्यापीठांच्या फुटबॉलमध्ये ही मसलत एखाद्या संस्थानाच्या फौजी दप्तराला लाजवील इतक्या तपशिलाने चालते. आणि तिचे मर्म समजून घेण्यास २०११ च्या हंगामात अलाबामा आणि लुइझियाना स्टेट या दोन विद्यापीठांत झालेल्या दोन सामन्यांसारखे दुसरे उदाहरण मला तरी आढळत नाही.

ज्यांचा या खेळाशी परिचय नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगावयाचे तर, मैदान शंभर यार्ड लांब असते, प्रत्येक बाजूस अकरा खेळाडू असतात, आणि चेंडू ज्याच्या ताब्यात आहे त्या पक्षाने चार प्रयत्नांत दहा यार्डांची मजल मारली तर त्यास आणखी चार प्रयत्न मिळतात, न मारली तर चेंडू सोडावा लागतो. प्रतिपक्षाच्या सीमेपार चेंडू नेला तर सहा गुण व त्यावर एका गुणाची संधी, आणि लाथेने खांबांच्या मधून पार केला तर तीन गुण. कबड्डीत चढाई करणारा एकटा आणि त्याला घेरणारे सात, तेव्हा बचावाचे संख्याबळ उघडच अधिक; येथे मात्र अकरास अकरा असल्यामुळे बचाव करणाराने एका जागी माणूस वाढविला की दुसरी जागा उघडी पडते. प्रत्येक प्रयत्न पूर्ण स्थिरावस्थेतून सुरू होतो आणि दोन प्रयत्नांमध्ये चाळीस सेकंदांचा अवधी असतो. त्या चाळीस सेकंदांत माणसे बदलली जातात, खुणा दिल्या जातात, रचना मांडली जाते; आणि जाणता प्रेक्षक चेंडूपेक्षा या अवधीकडेच अधिक लक्ष देतो.

बचावासाठी स्वतंत्र माणसे असावीत, ही कल्पना या खेळात मुळापासून नव्हती. प्रारंभी तेच अकराजण चढाईही करीत आणि बचावही करीत. १९४१ साली खेळाडू बदलण्याच्या नियमांत सैलपणा आला, आणि १९४५ च्या ऑक्टोबरात मिशिगनचे प्रशिक्षक फ्रिट्झ क्रायस्लर यांनी आर्मीच्या बलाढ्य संघाविरुद्ध चढाईसाठी एक आणि बचावासाठी दुसरी अशा दोन तुकड्या मैदानात उतरविल्या. तो सामना क्रायस्लर हरले, परंतु त्यांची कल्पना जिंकली. १९५३ मध्ये नियमकर्त्यांनी जुना शिरस्ता पुन्हा लादून पाहिला. पण १९६०-७० या दशकाच्या मध्यावर तो कायमचा मोडीत निघाला. तेव्हापासून बचाव हा एक स्वतंत्र पेशा झाला, त्याला स्वतंत्र मुख्य कारभारी मिळाला, आणि एकाच संघातील बचावाचे खेळाडू व चढाईचे खेळाडू निरनिराळ्या खोल्यांत बसून निरनिराळे धडे गिरवू लागले.

आता अलाबामाच्या २०११ च्या फळीकडे वळू. निक सेबन हे मुख्य प्रशिक्षक आणि कर्बी स्मार्ट हे बचावाचे सूत्रधार. मूळ रचना तीन आणि चार अशी : पुढे तीन धिप्पाड गडी, त्यांच्यामागे आणि बाजूंस चार लाइनबॅकर, आणि सर्वांत मागे चौघांची रखवाली. पुढच्या तिघांतील मधला, ज्याला नोज गार्ड म्हणतात, तो जॉश चॅपमन. तीनशे पौंडांहून अधिक वजनाचा हा गडी चेंडू मागे देणाऱ्या सेंटरच्या थेट समोर ठाण मांडी, आणि त्याच्या दोन्ही अंगांच्या खिंडी एकट्याने अडवून धरी. चढाईच्या फळीत दोन माणसांमध्ये जी मोकळी जागा असते ती खिंड, आणि बचावाची सारी जमीन-मोजणी या खिंडींच्या हिशेबाने चालते. काही संघांत प्रत्येकाने एकच खिंड राखावयाची असते. सेबन यांच्या पद्धतीत पुढच्यांनी समोरच्या गड्यास छातीवर घेऊन दोन्ही बाजूंवर नजर ठेवावयाची, आणि चेंडू जिकडे वळेल तिकडची खिंड त्या वेळी बुजवावयाची. हे काम कमालीचे निरस आणि कष्टाचे असते. ते करणाऱ्याचे नाव वर्तमानपत्रात क्वचितच येते, कारण पकड त्याच्या नावावर लागत नाही. तो दोघांना अडकवून ठेवतो म्हणून मागचा लाइनबॅकर मोकळा राहतो, आणि शाबासकी त्या मागच्यास मिळते. चॅपमन तर त्या हंगामाचा उत्तरार्ध गुडघ्याचा अस्थिबंध तुटलेला असताना खेळला आणि शस्त्रक्रिया त्याने हंगाम संपेपर्यंत पुढे ढकलली. वैद्यकाच्या दृष्टीने हे शहाणपणाचे होते असे मी म्हणणार नाही, पण त्याच्या जागेचे मोल किती होते याचा तो दाखला आहे. त्याच्या शेजारी जेसी विल्यम्स हा ऑस्ट्रेलियातून आलेला गडी होता, ज्याचे बालपण रग्बीत गेले होते.

चॅपमनच्या पाठीशी मध्यभागी उभा असे डोन्टा हायटॉवर. मधला लाइनबॅकर हा मैदानावरचा हवालदार होय. बाहेरून आलेला हुकूम तो घेतो, समोरची रचना पाहून गरज पडल्यास फिरवितो आणि उरलेल्या दहांना ऐकवितो. कडेवर कोर्टनी अपशॉ. त्याच्या जागेला अलाबामाच्या परिभाषेत ‘जॅक’ म्हणत, आणि तिचे काम दुहेरी : फेकीचा रंग दिसला तर चेंडू फेकणाऱ्या क्वार्टरबॅकवर तुटून पडावयाचे, धावेचा रंग दिसला तर कड राखावयाची, म्हणजे चेंडू घेऊन पळणाऱ्यास बाहेरून वळसा घालू द्यावयाचा नाही. मागच्या फळीत मार्क बॅरन आणि रॉबर्ट लेस्टर हे मधले दोन सेफ्टी, ड्रे कर्कपॅट्रिक आणि डिक्वान मेन्झी हे कडांचे दोन कॉर्नरबॅक. यांपैकी बॅरन, कर्कपॅट्रिक आणि हायटॉवर हे तिघे पुढच्या एप्रिलात व्यावसायिक संघांनी निवडीच्या पहिल्याच फेरीत उचलले. तेव्हा नुसत्या डावपेचांची थोरवी गाणाऱ्यांनी एवढे ध्यानात ठेवावे, की डाव मांडावयास आधी तोलामोलाचे गडी लागतात.

परंतु गडी आहेत म्हणून भागत नाही. कोणते गडी कोणत्या क्षणी मैदानात असावेत हा खरा प्रश्न आहे. त्याचे उत्तर बचाव करणारास प्रतिपक्षाची मोजदाद करून द्यावे लागते. चढाईच्या अकरांत पाच अडवणारे आणि एक क्वार्टरबॅक हे ठरलेलेच असतात; उरलेल्या पाचांत चेंडू घेऊन धावणारे किती, फळीला चिकटून उभे राहणारे टाइट एंड किती आणि दूर पांगून फेक झेलणारे किती, हे प्रत्येक वेळी बदलते. त्यासाठी दोन आकड्यांचा एक संकेत रूढ आहे : पहिला आकडा धावणाऱ्यांचा, दुसरा टाइट एंडांचा. ‘२१’ म्हणजे दोन धावणारे, एक टाइट एंड आणि म्हणून दोन झेलणारे; ‘११’ म्हणजे एक, एक आणि तीन. दुर्बिणी लावून उंच कोठडीत बसलेला सहायक प्रशिक्षक हा आकडा खाली कळवितो, आणि ‘११’ दिसताच बचावातला एक जड लाइनबॅकर बाहेर जाऊन पाचवा हलका रखवालदार आत येतो. अलाबामात असे झाले की मेन्झी कडेची जागा सोडून आत सरके आणि डी मिलिनर कडेवर येई. महाविद्यालयीन नियमांचा एक न्यायही येथे उपयोगी पडतो : चढाईच्या पक्षाने माणसे बदलली तर बचावास आपली माणसे बदलण्याची संधी दिल्याखेरीज पंच खेळ सुरू होऊ देत नाही. म्हणूनच अलीकडचे चलाख प्रशिक्षक माणसे न बदलताच भराभर प्रयत्न सुरू करतात, जेणेकरून बचावाची चुकीची तुकडी मैदानात अडकून पडावी.

मैदानाच्या आखणीचाही या मोजदादीशी संबंध आहे, आणि तो व्यावसायिक खेळापेक्षा येथे अधिक गुंतागुंतीचा आहे. आडव्या एकशे साठ फुटांच्या रुंदीवर चेंडू ठेवण्याच्या ज्या दोन मर्यादारेषा असतात, त्यांत व्यावसायिक मैदानावर साडेअठरा फुटांचेच अंतर असते. विद्यापीठांच्या मैदानावर ते चाळीस फूट आहे. परिणामी चेंडू एका रेषेवर आला की एका अंगास साठ फूट आणि दुसऱ्या अंगास शंभर फूट मुलूख उरतो. रुंद अंगास चपळ गडी आणि अरुंद अंगास बळकट गडी तैनात करण्याची पद्धत यातूनच आली. चढाईचा पक्ष कोणत्या रेषेवरून कोणत्या अंगास किती वेळा धावतो, याची टिपणे म्हणूनच अत्यंत मोलाची ठरतात.

ही टिपणे तयार होतात ती चित्रफितींवरून. प्रतिपक्षाच्या मागील सामन्यांतील प्रत्येक प्रयत्न अलग करून त्याची नोंद केली जाते : कितवा प्रयत्न, किती यार्ड बाकी, मैदानाचा कोणता भाग, चेंडू कोणत्या रेषेवर, कोणती रचना, कोणती माणसे, आणि शेवटी काय घडले. पदवीनंतर शिक्षण घेणारे तरुण सहायक रात्रीच्या रात्री जागून हे खतावणीचे काम करतात. मग त्या राशीतून सवयी वर येतात. तिसऱ्या प्रयत्नात सात यार्ड बाकी असता अमुक रचना मांडली तर दहांपैकी आठ वेळा चेंडू उजवीकडे गेला, अशा स्वरूपाच्या. या सवयी पाठ करून घेण्यासाठी ‘स्काउट टीम’ असते. संघातील राखीव विद्यार्थी, ज्यांना शनिवारी मैदानात पाऊल टाकावयास मिळण्याची शक्यता जवळजवळ नसते, ते आठवडाभर प्रतिपक्षाच्या खेळाडूंची सोंगे घेऊन, त्यांचेच डावपेच मुख्य बचावफळीसमोर खेळून दाखवितात. या मुलांविषयी मला नेहमीच आदर वाटत आला आहे. बचावाची पाटी त्यांच्या अंगावर गिरवली जाते.

अर्थात हा अभ्यास अमर्याद चालू देत नाहीत. खेळाडू हे विद्यार्थी असल्यामुळे हंगामात आठवड्यास वीस तासांहून अधिक सराव घेण्यास मनाई आहे, आणि आठवड्यातला एक दिवस मोकळा सोडावा लागतो. त्यामुळे नेहमीच्या सामन्यासाठी बचावाचा प्रशिक्षक शंभर गोष्टी जाणत असला तरी त्यांतल्या दहाच शिकवू शकतो. कोणत्या नव्वद सोडावयाच्या हे ठरविण्यातच त्याची खरी परीक्षा असते. शिकविलेले मैदानात पोहोचविण्याची साधनेही २०११ मध्ये आदिम होती. व्यावसायिक खेळात शिरस्त्राणातून आवाज ऐकू येई. विद्यापीठांच्या वरिष्ठ वर्गात ती सोय २०२४ पर्यंत नव्हती, आणि सारे हुकूम कडेवरून हातवाऱ्यांनी व फलकांनी द्यावे लागत. ज्या खुणा आपला हायटॉवर वाचतो त्या प्रतिपक्षही वाचू शकतो, म्हणून खरा कोण आणि हूल देणारा कोण हे कळू नये यासाठी दोघेतिघे एकदम हात हालवीत.

आता ते दोन सामने. ५ नोव्हेंबर २०११ रोजी टस्कलूसा येथे, एक लाखाहून अधिक प्रेक्षकांसमोर, क्रमांक एकचा लुइझियाना स्टेट आणि क्रमांक दोनचा अलाबामा यांची गाठ पडली. जादा वेळेनंतर लुइझियाना स्टेट ९-६ ने जिंकला. दोन्ही पक्षांना सीमेपार एकदाही जाता आले नाही. अनेकांना तो सामना रटाळ वाटला. मला मात्र वाटते की शतकांचा धडाका पाहावयास आलेल्या प्रेक्षकास उत्तम गोलंदाजी कळत नाही, तो दोष गोलंदाजाचा नव्हे. अलाबामाने लाथेचे चार प्रयत्न वाया घालविले, आणि चौथ्या सत्रात प्रतिपक्षाच्या उंबरठ्यावर टाकलेला चेंडू एरिक रीड या सेफ्टीने हिसकावून घेतला. सामना तेथे फिरला.

तरीही अलाबामाच्या बचावास त्या सामन्यात एक गोष्ट सलली असणार. जॅरेट ली या क्वार्टरबॅकच्या दोन फेकी अलाबामाने पकडल्यावर प्रशिक्षक लेस माइल्स यांनी जॉर्डन जेफर्सन यास उतरविले, आणि त्याने ‘ऑप्शन’ या जुन्या डावाने वाट काढली. या डावात क्वार्टरबॅक चेंडू घेऊन कडेच्या दिशेने पळतो आणि कडेचा एक बचावपटू मुद्दाम अडविल्याविना सोडलेला असतो. तो आपल्यावर आला तर चेंडू बाहेरून धावणाऱ्या सोबत्याकडे उडवावयाचा, तो सोबत्याकडे वळला तर आपणच आत घुसावयाचे. बचावपटू काहीही करो, तो चुकलेलाच ठरतो. यावर उपाय एकच, आणि तो शौर्याचा नसून शिस्तीचा आहे : क्वार्टरबॅक कोणी धरावयाचा, बाहेरचा सोबती कोणी धरावयाचा हे आधी मुक्रर करावयाचे, आणि ज्याच्याकडे जे काम आहे त्याने, चेंडू कोठेही जावो, तेच करावयाचे. त्या दिवशी लुइझियाना स्टेटने जमिनीवरून १४८ यार्डांची मजल मारली होती.

पुढे क्रमवारीच्या हिशेबाने विजेतेपदाचा सामना याच दोघांत ठरला. एकदा हरलेल्यास पुन्हा संधी का, अशी हरकत संधी हुकलेल्या ओक्लाहोमा स्टेटच्या चाहत्यांनी घेतली आणि ती अगदीच निराधार नव्हती. जून २०१२ मध्ये चार संघांच्या बाद फेरीस जी मंजुरी मिळाली तीमागे या तक्रारीचाही वाटा होता असे मानले जाते. आपल्या विषयापुरता मुद्दा इतकाच, की अलाबामाचा अखेरचा सामना २६ नोव्हेंबरला झाला होता आणि विजेतेपदाचा सामना ९ जानेवारी २०१२ रोजी न्यू ऑर्लीन्सच्या सुपरडोममध्ये होता. मधले चव्वेचाळीस दिवस अलाबामाच्या हाती आले, आणि विद्यापीठाच्या सुटीत तासांची मर्यादाही लागू नसते. ज्याची सवय नेमकी ठाऊक आहे असा एकच प्रतिपक्ष, आणि त्याच्या अभ्यासास सहा आठवड्यांची सवड. बचावाच्या प्रशिक्षकास याहून अधिक काय हवे? योगायोग असा, की सेबन स्वतः २००० ते २००४ या काळात लुइझियाना स्टेटचेच प्रशिक्षक होते आणि तेथील विजेतेपद त्यांनी याच सुपरडोममध्ये मिळविले होते.

अलाबामाने काही अद्भुत नवी रचना आणली नाही. माणसे तीच, जागा त्याच. फरक पडला तो कडेवर. ज्या वळणावर नोव्हेंबरात जेफर्सनला वाट मिळाली होती त्या वळणावर आता प्रत्येक वेळी दोन माणसे आपापल्या कामावर उभी दिसत, आणि आत वळावे तर चॅपमन व हायटॉवर. जमिनीवरून लुइझियाना स्टेटला अवघे ३९ यार्ड मिळाले. फेकीचे ५३ धरून संपूर्ण सामन्यात ९२. मैदानाची मध्यरेषा त्यांनी प्रथम ओलांडली ती चौथ्या सत्रात, सुमारे आठ मिनिटे उरली असताना. आणि त्या एकमेव चढाईचा शेवटही हायटॉवरने जेफर्सनला पाडून त्याच्या हातचा चेंडू सोडविण्यात झाला. अलाबामा २१-० ने जिंकला. जॅरेट ली यास माइल्स यांनी त्या दिवशी उतरविलेच नाही, याबद्दल त्यांच्यावर पुष्कळ टीका झाली आणि ती मला योग्य वाटते; एक वाट बंद झाली हे दिसत असता दुसरी न चाचपणे याला धोरण म्हणता येत नाही. उलट त्यांच्या बचावास दोष देणे अन्यायाचे होईल. शेवटची पाच मिनिटे लागेपर्यंत त्यांनी अलाबामास सीमेपार जाऊ दिले नव्हते. जेरेमी शेली याच्या लाथेचे पाच यशस्वी प्रयत्न, एवढीच तोवरची अलाबामाची कमाई होती. त्या हंगामात एकूण यार्ड, गुण, धाव आणि फेक या चारही मोजमापांत अलाबामाचा बचाव देशात पहिला आला. दर सामन्यास त्याने सरासरी ८.२ गुणच दिले.

हा बचाव आजही उभा करता येईल का, असा प्रश्न स्वाभाविकपणे पडतो. ९ नोव्हेंबर २०१९ रोजी त्याच टस्कलूसात, त्याच सेबन यांच्या संघाविरुद्ध, लुइझियाना स्टेटने ४६-४१ असा विजय मिळविला आणि त्यांचा क्वार्टरबॅक जो बरो याने फेकीवर ३९३ यार्ड मिळविले. मधल्या आठ वर्षांत चढाईने दोन गोष्टी आत्मसात केल्या होत्या. एक म्हणजे झेलणारे गडी मैदानभर पांगविणे, ज्यामुळे चॅपमनसारख्या अजस्र गड्याचे काम निम्मे होते. दुसरी अधिक सूक्ष्म आहे. पुढे फेक होणार असली तरी महाविद्यालयीन नियम अडवणाऱ्या गड्यांना तीन यार्ड पुढे जाऊ देतो, तर व्यावसायिक नियम एकच यार्ड. म्हणून अडवणारे धावेसारखे पुढे सरसावतात, लाइनबॅकर ती धाव समजून आत येतो, आणि क्वार्टरबॅक त्याने नुकत्याच सोडलेल्या जागी चेंडू फेकतो. जो लाइनबॅकर शिकल्याप्रमाणे अचूक वागतो तोच फसतो. त्यातून अलाबामाचे दोन अनुभवी लाइनबॅकर हंगामापूर्वीच जायबंदी झाले होते आणि त्या जागी पहिल्या वर्षाची मुले उभी होती. सेबन यांनी स्वतः हे वारे आधीच ओळखले होते. २०१४ पासून त्यांनी आपल्याही चढाईचा साचा बदलून टाकला होता.

माझ्या मते २०११ चा अलाबामा हा जुन्या धर्तीच्या बचावाचा शेवटचा संपूर्ण नमुना होय. सामन्यापूर्वीची खतावणी आजही तशीच चालते, किंबहुना यंत्रांच्या साहाय्याने ती अधिक बारीक झाली आहे; पण नियमांची तराजू आता चढाईकडे झुकलेली आहे, आणि ती सरळ केल्याखेरीज केवळ अभ्यासाच्या बळावर कोणताही संघ हंगामभर सामन्यास आठ गुणांवर प्रतिपक्षास रोखून धरील, असे मला वाटत नाही.